टर्कीचे मीटबॉल, आंबट क्रॅनबेरी ग्लेझ: थँक्सगिव्हिंगच्या प्रकल्प नोंदी

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

यंदाचं थँक्सगिव्हिंग, इथला अमेरिकेतला सण, मित्राकडे, २८ नोव्हेंबरला. वीस-बावीस माणसं असतील. निम्मी मराठी घरं, निम्मे इथले शेजारी आणि ऑफिसातली मंडळी. अख्खी टर्की यजमान भाजणार, बाकीच्यांनी एकेक पदार्थ करून न्यायचा. जेवणाआधी तोंडात टाकायला काहीतरी आणण्याचं काम मी घेतलं. टर्कीच्या खिम्याचे मीटबॉल, वरून क्रॅनबेरी या लाल, आंबट-तुरट फळाचं ग्लेझ, म्हणजे गोळ्यांवर चढणारा दाट, चकचकीत सॉस.

अमेरिकेतल्या पार्ट्यांना मीटबॉल नवे नाहीत. गोळे, द्राक्षाची जेली आणि बाटलीतला चिली सॉस, सगळं स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद तापणाऱ्या विजेच्या भांड्यात, एकत्र गरम करायचं, ही पद्धत इथे घरोघरी आहे. मुलं आवडीने खातात. मला ते फार गोड लागतं. दोन खाल्ले की तिसरा उचलावासा वाटत नाही. मांसावर फळाचं ग्लेझ घालायचं तर फळाचा आंबटपणा राहिला पाहिजे आणि मांसाची स्वतःची चव झाकली जाता कामा नये. एवढं जमवायचं आहे.

अटी आत्ताच लिहून ठेवतो. त्या दिवशी यजमानांच्या ओव्हनमध्ये टर्की असणार, त्यामुळे तिथे जाऊन भाजणं शक्य नाही. येणाऱ्यांपैकी एकीला गहू चालत नाही, म्हणजे ब्रेडचा चुरा बाद. काही घरांत बीफ चालत नाही, काहींत पोर्क; टर्कीला कुणाचीच ना नाही, तो प्रश्न मिटला. आणि थँक्सगिव्हिंग येतं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. १९४१ साली तसा कायदाच झाला. आमच्यात गुरुवार पाळणारी तीन-चार माणसं आहेत, सध्या आमच्याकडे आलेली आई धरून. त्यांच्यासाठी त्याच ग्लेझमध्ये शाकाहारी काहीतरी हवं, आणि ते उरल्यासुरल्यातून केल्यासारखं नको.

२० ऑक्टोबर, रविवार

क्रॅनबेरी आणायला कार्व्हरला गेलो. मॅसॅच्युसेट्सच्या आग्नेय कोपऱ्यातला कार्व्हर, वेअरहॅम, प्लिमथ हा सगळा क्रॅनबेरीचा पट्टा. आज अमेरिकेतलं निम्म्याहून जास्त पीक विस्कॉन्सिनचं असतं, पण लागवडीची सुरुवात इथली. केप कॉडवरच्या डेनिस गावात हेन्री हॉल याने १८१६ च्या सुमारास ती केली. वाऱ्याने वाळू उडून वेलींवर पडली की वेली जोमाने वाढतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. अजूनही हिवाळ्यात शेतात भरलेलं पाणी गोठलं की शेतकरी त्या बर्फावर वाळू पसरतात. बर्फ वितळला की ती आपोआप वेलींच्या बुडाशी जाऊन बसते.

एका शेतात तोडणी चालू होती. शेतात पाणी सोडलेलं, यंत्राने वेली झोडपून फळं सुटी केलेली, आणि सगळं पाणी लालभडक. माणसं कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून तरंगतं कुंपण ओढत फळं एका कोपऱ्यात गोळा करत होती, तिथून पंपाने ट्रकमध्ये. लेकीला तिथेच एक फळ आडवं कापून दाखवलं. आत चार पोकळ कप्पे असतात, त्यातल्या हवेमुळे फळ पाण्यावर येतं. अशी पाण्यातून काढलेली फळं रसाला आणि सॉसला जातात. ताजी विकायची ती कोरड्या शेतातून वेली विंचरून काढतात. आम्ही रस्त्याकडेच्या एका ठेल्यावरून कोरडी काढलेली दोनेक किलो घेतली. घरी आल्यावर निवडली. टणक फळ ओट्यावर टाकलं की टुणकन उडतं. मऊ पडलेलं जागच्या जागी बसतं, ते काढून टाकायचं. अर्धी फ्रीजमध्ये, अर्धी फ्रीजरमध्ये. फ्रीजमध्ये चार आठवडे सहज राहतात.

परतीच्या वाटेवर लेकीशी झालेलं बोलणं या कामाशी जोडलेलं आहे म्हणून लिहितो. या भागातले मूळ रहिवासी हरणाचं वाळवलेलं मांस कुटून त्यात चरबी आणि क्रॅनबेरी मिसळून ठेवत. म्हणजे मांस आणि क्रॅनबेरी ही जोडी इथे साखर येण्याच्या कितीतरी आधीची. प्लिमथला वसलेल्या इंग्रजांच्या १६२१ सालच्या ज्या जेवणाशी थँक्सगिव्हिंग जोडलं जातं, त्याच्या त्या काळच्या वर्णनात शिकारीचे पक्षी आहेत, इथल्याच मूळ रहिवाशांनी, वॉम्पानोआग लोकांनी, आणलेली पाच हरणं आहेत. गोड सॉस नाही. त्याच प्लिमथमध्ये १९७० पासून मूळ रहिवासी याच गुरुवारी शोकदिन पाळतात, हेही तिला सांगितलं. सण साजरा करायचा तर त्याची ही बाजू मुलांना ठाऊक असावी असं मला वाटतं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. ओट्यावर फराळाचे डबे, कढईत चकल्या. मीटबॉल दिवाळीनंतर.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज फक्त खिमा. दुकानात टर्कीचा खिमा तीन तऱ्हेचा मिळाला: निव्वळ छातीचा, ज्यात चरबी शेकडा एक, दुसरा शेकडा सात चरबीचा, तिसरा शेकडा पंधरा, त्यात मांडीचं मांस जास्त. तिन्हींत फक्त मीठ-मिरी घातली, तीस-तीस ग्रॅमचे गोळे केले आणि एकाच ट्रेमध्ये रांगा लावून भाजले.

छातीचे गोळे दिसायला सगळ्यांत सुबक आणि खायला सगळ्यांत कोरडे. घास तोंडात फिरत राहतो. पंधरा टक्केवाले रसाळ, चवीला भरीव, पण ट्रेमध्ये चरबीचं तळं झालं. नुसते खायचे असते तर मी तेच घेतले असते. इथे मात्र ते तासभर ग्लेझमध्ये राहणार आहेत. चरबी सुटून ग्लेझवर तरंगेल आणि जरा गार झालं की ओठांना चिकटेल. सात टक्केवाला खिमा घ्यायचा आणि त्यात ओलावा आपण बाहेरून धरून ठेवायचा, हे ठरलं.

छाती आणि मांडी यांत इतका फरक का? टर्की दिवसभर पायांवर असते, त्यामुळे पायांचे स्नायू गडद, चरबीचे, चवीचे. छातीचे स्नायू पंखांसाठी, आणि पाळलेली टर्की इतकी जड असते की ती उडतच नाही. रानटर्की उडते. आमच्या गल्लीत सकाळी त्यांचा कळप रस्ता ओलांडतो तेव्हा गाड्या थांबतात. १८५० च्या सुमारास त्या या राज्यातून पार नाहीशा झाल्या होत्या. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्कहून ३७ पक्षी आणून राज्याच्या पश्चिमेकडच्या बर्कशायरच्या जंगलात सोडले, आज दिसतात त्या बहुतेक त्यांच्याच वंशातल्या.

तापमानाबद्दल तडजोड नाही. कोंबडी असो की टर्की, खिमा गोळ्याच्या मध्यभागी १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअसला पोचलाच पाहिजे. अख्ख्या तुकड्यात जंतू बरेचसे पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळले जातात. आणि रंगावरून शिजल्याचं कळत नाही. आज एक गोळा ७४ ला पोचूनही आत किंचित गुलाबी होता. सुईचा थर्मामीटर वापरायचा, दुसरा उपाय नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

ओलावा धरून ठेवायला पाश्चात्त्य पद्धतीत ब्रेड दुधात भिजवून खिम्यात मिसळतात. त्यातला स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि मांसाच्या धाग्यांच्या मध्ये बसतो, त्यामुळे ते आवळून घट्ट होत नाहीत. गहू चालत नाही तेव्हा ब्रेडऐवजी काय? आपल्याकडे कटलेटमध्ये भिजवलेले पोहे घालतातच. जाडे पोहे घेतले, धुतले नाहीत, तसेच कोमट दुधात भिजवले. पाव तासात दूध पूर्ण शोषलं गेलं. मग हाताने मळून त्यांचा गुळगुळीत गोळा केला. कणी राहिली तर भाजल्यावर दाताखाली येते, म्हणून हे मळणं नीट व्हायला हवं. पोह्यांच्या पुड्यावर गव्हाचा संपर्क नसल्याचं लिहिलेलं बघून घेतलं.

तुलनेसाठी ब्रेडचेही थोडे केले. पोह्यांचे जास्त मऊ झाले आणि दुसऱ्या दिवशीसाठी ठेवलेले फ्रीजमधून काढून गरम केल्यावरही मऊ राहिले (हे वाक्य सोमवारी घातलं). ब्रेडचे सोमवारपर्यंत जरा ताठरले होते. गहू चालत असता तरी आता मी पोहेच घेईन.

कांदा कच्चा किसून घातला की पाणी सुटतं आणि गोळा बसका होतो. बारीक चिरून लोण्यात गुलाबी होईपर्यंत परतला, पूर्ण गार केला, मग घातला. गरम कांदा खिम्यात गेला तर चरबी वितळायला लागते. कांद्याबरोबर लोणीही आत जातं, सात टक्क्यांच्या खिम्याला त्याचा फायदाच.

मिसळण्याबद्दल: मीठ घालून खिमा फार वेळ मळला की तो चिकट होतो आणि भाजल्यावर चिवट, उसळता लागतो. शीग कबाबला तो गुण हवा असतो, नाहीतर खिमा सळईवरून गळून पडेल. इथे नको. आधी पोहे, कांदा, अंडं, मीठ, मसाला सगळं एकजीव करायचं आणि खिमा शेवटी, बोटं फाकवून, मिसळेपर्यंतच. खिमा फ्रीजमधून अगदी आयत्या वेळी काढायचा.

१३ नोव्हेंबर, बुधवार

काल कार्तिकी एकादशी झाली, आईचा चातुर्मास संपला. आज पहिल्यांदा ती चव घेऊ शकली, म्हणून मुद्दाम मसाल्याचा निवाडा आजसाठी ठेवला होता.

खिमा म्हटल्यावर आपला हात आपोआप आलं-लसूण, गरम मसाला, हिरवी मिरची, कोथिंबीर यांच्याकडे जातो. दोन ताटल्या केल्या. एकीत हे सगळं. दुसरीत मीठ, जाडसर कुटलेली मिरी, किसलेलं आलं थोडं, थोडी पार्सली आणि चिमूटभर जायफळ. दोन्हींवर तेच साधं ग्लेझ, फळं नुसती शिजवून गाळलेली.

आईने पहिली ताटली खाल्ली. "कबाब छान झालेत रे." दुसऱ्या ताटलीतला एक खाल्ला, मग आणखी एक. "आता कळलं टर्की कशी लागते. पहिल्यात मसालाच लागत होता." गरम मसाल्याच्या लवंग-वेलचीने क्रॅनबेरीचं रूपांतर चटणीत होतं, आणि मग मांस कुठलंही असलं तरी फरक पडत नाही. टर्कीची चव मटणाइतकी दणकट नाही. तिला मटणाचा साज चढवला की ती मटण होत नाही, आणि टर्कीही राहत नाही. मसाल्याचं भांडं या कामापुरतं बंद. जायफळ ठेवलं.

आईने उरलेल्या क्रॅनबेरीकडे बघून विचारलं, "यातल्या थोड्या मला देतोस का?" तिने मोहरीची डाळ, मेथी, हिंग घालून लोणचं घातलं. चवीला थेट करवंदाच्या लोणच्यासारखं, तुरटपणासकट. इथली बरीच भारतीय घरं नोव्हेंबरात हे लोणचं घालतात, कारण ताजी क्रॅनबेरी दुकानात दिसते ती याच दिवसांत.

१६ नोव्हेंबर, शनिवार

ग्लेझ. आजचा पूर्ण दिवस यावर गेला आणि जायलाच हवा होता.

भांडं स्टीलचं. फळ इतकं आंबट आहे की लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या कढईत धातूची चव उतरेल. ३४० ग्रॅम क्रॅनबेरी, दीडशे मिली संत्र्याचा रस, मध्यम आच, वर झाकण. चार-पाच मिनिटांत फळं फटाफट फुटायला लागतात, झाकण नसेल तर शिंतोडे शेगडीभर. दहा मिनिटांत सगळं मऊ.

मग गाळणं. साध्या गाळणीतून बराच वेळ घासत बसावं लागतं आणि अर्धा गर सालीबरोबर जातो. पुरणयंत्र काढलं. बारीक जाळी लावली, गरम गरम गर घातला, दांडा फिरवला, आणि खाली गडद लाल, लोण्यासारखा मऊ रस. वर फक्त साल आणि बिया. सालीतला तुरटपणा काही प्रमाणात वरच राहतो. पुरणयंत्राने इतकं स्वच्छ काम केलं की आता जॅमलाही तेच.

साखर गाळल्यानंतर, चव बघत. ताज्या क्रॅनबेरीच्या पाकिटावर जी कृती असते तीत ३४० ग्रॅमला एक कप, म्हणजे दोनशे ग्रॅम साखर सांगतात. तेवढ्यात तो गोड सॉस होतो. मी शंभरवर थांबलो, ताणून धरल्यासारखं आंबट लागलं. एकशेतीसला बरोबर बसलं. नुसतं चाखलं तर आंबटच वाटतं. ते मांसाबरोबर चाखायचं, चमच्याने नाही. आज प्रत्येक चवीला भाजलेला एक गोळा जवळ ठेवला होता.

गूळ घालून एक वाटी वेगळी केली. चव खोल येते पण रंग तपकिरी होतो आणि चिंच-गुळाच्या आमटीची आठवण यायला लागते. पांढरी साखर मुख्य, गूळ त्यात नावापुरता: एकशेतीसपैकी वीस ग्रॅम. रंग राहिला.

दाटपणाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावं लागतं. क्रॅनबेरीत पेक्टिन भरपूर, आम्ल भरपूर, वर आपण साखर घालतो. जेली जमायला लागणारं सगळं हजर. त्यामुळे शेगडीवर पातळ दिसणारं ग्लेझ गार होता होता चाकूने कापता येईल इतकं घट्ट होतं. गोळ्यावर ते चढायला हवं, गोळ्याला चिलखत नको. स्टीलची ताटली फ्रीजरमध्ये ठेवायची, तिच्यावर अर्धा चमचा ग्लेझ टाकायचं, मिनिटभराने बोटाने रेघ ओढायची. रेघ लगेच मिटली तर आणखी दोन मिनिटं आच. रेघ तशीच राहिली आणि कडा सुरकुतली तर पुढे गेलं, संत्र्याचा रस घालून सैल करायचं. हळूहळू, आळसावल्यासारखी मिटली की झालं.

१७ नोव्हेंबर, रविवार

ग्लेझला कालपर्यंत आंबट आणि गोड एवढ्याच दोन बाजू होत्या, झणका नव्हता. इथे बहुतेक जण बाटलीतली फ्रेंच मोहरी घालतात. आई म्हणाली, "फेसून घाल की." मोहरीची पूड थोड्या पाण्यात घेऊन नाकात झिणझिण्या येईपर्यंत फेसली आणि दोन भाग केले. एक उकळत्या ग्लेझमध्ये गेला: झणका उडून गेला, मागे कडवटपणा राहिला. दुसरा आच बंद करून, ग्लेझ जरा निवल्यावर: मोहरी शेवटी कळते, घास गिळल्यावर. हाच मार्ग.

शिवाय आल्याचा रस, एक सुकी लाल मिरची अख्खी (गाळायच्या आधी काढून टाकायची), मीठ, संत्र्याची किसलेली साल, शेवटी लोण्याचा तुकडा चकाकीसाठी. साल किसताना पांढरा भाग येऊ द्यायचा नाही. दालचिनी घालून बघितली. घरात नाताळच्या मेणबत्तीचा वास सुटला, काढली.

२३ नोव्हेंबर, शनिवार

ग्लेझ केव्हा चढवायचं आणि किती वेळ ठेवायचं, त्याची तालीम.

भाजायच्या आधी लावलं तर ४२५ फॅरनहाइटला (२१८ सेल्सिअस) साखर जळते आणि गोळा आतून व्हायच्या आधी बाहेरून काळा पडतो. म्हणून आधी कोरडे भाजायचे, जाळीवर, म्हणजे सुटलेली चरबी खाली जाते. तीस ग्रॅमच्या गोळ्याला चौदा ते सोळा मिनिटं. खालून-वरून खरपूस रंग यायला हवा. ग्लेझची गोडी त्या खरपूसपणावरच उभी राहते.

मित्राकडे ओव्हन मोकळा नसेल, म्हणून आपला स्लो कुकर न्यायचा. त्याची 'वॉर्म' खूण गार अन्न गरम करायला नसते, गरम ठेवायला असते. फ्रीजमधले गोळे थेट त्यात टाकले तर ते धोक्याच्या तापमानात फार वेळ रेंगाळतील. आधी पातेल्यात ग्लेझसकट झाकण ठेवून १६५ पर्यंत चढवायचे, मग कुकरमध्ये. तिथे १४० फॅरनहाइटच्या, म्हणजे ६० सेल्सिअसच्या वर राहतात का ते सुईने तपासायचं.

आज दीड तासाने चव घेतली, उत्तम. तीन तासांनी घेतली: आम्लाने गोळ्याचं बाहेरचं अंग मऊ पडलं होतं आणि गोळ्यातून सुटलेल्या पाण्याने ग्लेझ पातळ. दोन तासांची मर्यादा. आणि सगळं ग्लेझ एकदम घालायचं नाही. दोन भाग कुकरमध्ये, एक भाग ताजा, वाढायच्या वेळी.

२४ नोव्हेंबर, रविवार

शाकाहारी बाजू बायकोने घेतली. परतून पाणी आटवलेले मशरूम, किसलेलं पनीर, उकडलेला बटाटा, तेच दुधात भिजवलेले पोहे, मिरी, आलं. अंडं नाही. पनीर थोडं खारवून घ्यावं लागतं, नाहीतर ग्लेझपुढे फिकं पडतं. मशरूममुळे चावायला काहीतरी मिळतं. हे गोळे कुकरमध्ये ठेवायचे नाहीत, विरघळतील; तव्यावर परतून थाळीत मांडायचे आणि ग्लेझ वरून. ग्लेझ वेगळ्या भांड्यात, चमचा वेगळा, थाळीवर नाव लिहिलेलं. गुरुवारच्या माणसाने विचारत बसावं लागू नये.

२७ नोव्हेंबर, बुधवार

प्रत्यक्ष काम. पासष्ट गोळ्यांचं शेवटचं प्रमाण, पुढच्यासाठी:

टर्कीचा खिमा सात टक्के चरबीचा, १३६० ग्रॅम (तीन पौंड). जाडे पोहे ९० ग्रॅम, दूध अडीचशे मिली. परतलेला कांदा दीडशे ग्रॅम. अंडी दोन. मीठ २२ ग्रॅम, मिरी दोन चहाचे चमचे, आलं एक चमचा, पार्सली मूठभर, जायफळ चिमूटभर. ग्लेझला क्रॅनबेरी ६८० ग्रॅम, संत्र्याचा रस तीनशे मिली, साखर २२० आणि गूळ ४० ग्रॅम, फेसलेली मोहरी दोन चमचे, आल्याचा रस एक मोठा चमचा, मिरची दोन, एका संत्र्याची साल, लोणी ३० ग्रॅम, मीठ चवीने.

सगळे वळायच्या आधी एक छोटी टिक्की तव्यावर भाजून मीठ तपासलं. कच्ची टर्की चाखता येत नाही आणि पासष्ट वळून झाल्यावर मीठ घालता येत नाही. वळताना लेकीने वजनकाटा सांभाळला; ती एकोणतीस ग्रॅमलाही परत पाठवत होती. तिचं बरोबर होतं, सारख्या वजनाचे गोळे एकाच वेळी होतात. हात पाण्याने ओले ठेवले की चिकटत नाहीत. कच्च्या खिम्याचा ट्रे, पाट, हात, नळाची मूठ, सगळं साबणाने.

संध्याकाळी आईने तिचे खाऊन घेतले, उद्या गुरुवार. बाकीचे गार करून उथळ डब्यांत फ्रीजमध्ये. खोल पातेल्यात एकावर एक भरले तर मधले तासन्‌तास कोमट राहतात.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

बारा वाजता घरीच पातेल्यात चढवले, १६५. कुकर टॉवेलमध्ये गुंडाळून गाडीत. तिथे पोचल्यावर सुई १५० दाखवत होती, ठीक.

शेजारच्या आजी दर वर्षी द्राक्ष-जेलीचे मीटबॉल आणतात, तेही टेबलावर होतेच. मुलांनी आधी ते घेतले. मोठ्यांनी आमचे. दुसऱ्या फेरीला काही मुलंही आमच्याकडे वळली, सगळी नाही. आजींनी दोन खाऊन विचारलं, आंबट कशाने? मी म्हटलं, साखर कमी, बाकी तुमच्याच इथलं फळ. मोहरी कशी फेसतात ते त्यांना वाटीत करून दाखवलं. त्यांना ते फार पटलं.

गहू न चालणाऱ्या मैत्रिणीने पोह्यांचं ऐकून ताटली परत भरली. पार्टीत कुठला पदार्थ चालेल हे विचारत फिरण्याची तिला सवय आहे. आज एका भांड्यापाशी तरी ते करावं लागलं नाही. ही एकच गोष्ट झाली असती तरी पोह्यांचं काम वसूल होतं.

शाकाहारी थाळी आधी संपली. तिथे मांसाहारी मंडळींनीही हात मारला, त्यामुळे गुरुवारवाल्यांतल्या एकाला शेवटचा एकच मिळाला. ती पुढच्या वेळी दुप्पट करायची आणि गुरुवारवाल्यांचा वाटा आधी बाजूला काढायचा.

३० नोव्हेंबर, शनिवार

उरलेलं ग्लेझ फ्रीजमध्ये अपेक्षेप्रमाणे जमलं. चमचाभर गरम पाणी घालून हलवलं की परत वाहतं. काल भाजलेल्या रताळ्यावर घातलं, आज थालीपीठाबरोबर. थालीपीठाबरोबरचं जास्त आवडलं.

नाताळसाठी ऑफिसातल्या दोघांनी हीच थाळी मागितली आहे. फ्रीजरमधली क्रॅनबेरी न वितळवता थेट पातेल्यात घालायची, फुटायला दोन-तीन मिनिटं जास्त लागतील. या वेळी गोळे पंचवीस ग्रॅमचे करून बघायचे, उभ्याउभ्या एका घासात संपणारे. भाजायचा वेळ बारा मिनिटांपासून तपासत जायचं. पुरणयंत्राची बारीक जाळी एका कडेला वाकली आहे, ती त्याआधी बदलून आणायची.